अहिरे बाईंचा ‘कशावरून’

जून उजाडून सहावीचा नवा वर्ग भरला की अहिरे बाई फळ्यावर काहीही न लिहिता मुलांपुढे उभ्या राहत आणि आधी धमकी देत.

“विज्ञानाच्या तासाला काय काय होईल ते आत्ताच ऐकून घ्या, मागाहून आईला घेऊन यायचं नाही. हात काळे होतील. कपड्यांना वास लागेल. एखाद्याचं बोट पोळेल. मी फुंकर घालीन, सुट्टी देणार नाही. तुमचं उत्तर चुकेल. माझंही चुकेल. चुकणाऱ्याला हसायचं नाही, कुठे चुकलं ते शोधायचं. आणि मी काहीही सांगितलं, अगदी पुस्तकात बोट ठेवून सांगितलं, तरी एकच शब्द विचारायचा. कशावरून?”

मग लगेच सराव. “मी तुमची विज्ञानाची बाई आहे.”

वर्ग गप्प.

“अरे, विचारा ना!”

मग कुठून तरी चोरटा आवाज, “कशावरून?”

“शाबास. ते तुम्हीच वर्षाच्या शेवटी सांगायचं.”

हे मला पाठ आहे, कारण माझा मराठीचा वर्ग शेजारी होता आणि मधे नुसतं प्लायवुडचं पार्टिशन. मी इकडे कवितेतला निसर्ग समजावून सांगत असे आणि माझ्या वर्गाचे कान त्या प्लायवुडला लागलेले असत. पलीकडे काहीतरी फुटायचं, हशा व्हायचा, बाई ओरडायच्या, “डोया उघाडा, तोंड मिटा!” माझ्याकडे कविताच उरायची. निसर्ग पलीकडे गेलेला असायचा.

आमची शाळा सुरतेत, गोडादऱ्याच्या बाजूला, मराठी माध्यमाची. नंबर सांगत नाही. मुलं लूमवर आणि डाईंगमध्ये काम करणाऱ्यांची. कुणी खानदेशातलं, कुणी मराठवाड्यातलं, कुणी थेट विदर्भातलं. घरात एक बोली, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. शुद्ध मराठी फक्त माझ्या तासाला, आणि त्या तासाला मुलं गप्प बसत. इथे मुख्याध्यापकाला आचार्य म्हणतात. आमचे आचार्य होते निकम सर. त्यांना शाळेत दोन गोष्टी प्रिय होत्या, शांतता आणि रंगकाम. दोन्हींनी शाळा चांगली दिसते.

अहिरे बाई शिरपूरकडच्या. बुटक्या, चालताना टाचा आपटणाऱ्या, जाड भिंगाचा चष्मा. सगळं गाव पॉलिएस्टरवर जगतं आणि ही बाई बारा महिने सुती साडीत. एकदा मी विचारलं, इतक्या स्वस्तात इतक्या चांगल्या साड्या मिळतात, मग हे काय? म्हणाल्या, “सर, सुती पेटलं तर राख होते. पॉलिएस्टर पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं. मी दिवसभर काड्या ओढते. तुम्ही कविता शिकवता, तुम्ही घाला.” मी तेव्हा टेरिकॉटच्या शर्टात होतो. त्या दिवसापासून स्टाफरूममधल्या गॅसजवळ मी उभा राहिलो नाही.

त्यांचा डबा कुणी मागत नसे. चुकून नव्या शिक्षिकेने एकदा त्यातलं लिंबू घेऊन पोह्यावर पिळलं आणि आतून खिळा निघाला. बाईंनी शांतपणे खिळा धुऊन परत डब्यात ठेवला. “आठवीची बॅटरी आहे ती,” म्हणाल्या. “लिंबू मोडलंत, आता वीज तुम्ही द्या.”

आणि तो ‘कशावरून’. तो वर्गात ठेवून स्टाफरूममध्ये यावं एवढी रीत त्यांना नव्हती. कुणी म्हणालं, उद्या सुट्टी आहे, की “कशावरून?” कुणी म्हणालं, यंदाची मुलं फारच ढ आहेत, की “कशावरून?” निकम सर एकदा चिडून म्हणाले, “बाई, शेवटी या शाळेचा आचार्य मी आहे!” बाईंनी तोंड उघडलं, सगळ्यांनी श्वास धरला, आणि त्यांनी जांभई दिली. पण ती जांभई कोणत्या शब्दाच्या जागी आली होती, हे सगळ्यांना कळलं. निकम सरांना तर फारच कळलं.

मुलांनी तो शब्द घरी नेला, तिथे खरी गंमत झाली. एक लूमवाला बाप तणतणत शाळेत आला. रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. “बाई, पोर घरमा बी इचारस, कशावरून, कशावरून! मनी मायनी तिनी नजर काढी, तर म्हणस, आजी, नजर लागली कशावरून? माय उपाशी बठेल शे.”

बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, “बरं, मग आजीनं काय सांगितलं?”

बाप गोंधळला. म्हणाला, “तिले बी सांगता नही उनं.”

“मग मला का रागावता? पोर जिंकली ना!”

तो माणूस हसत गेला. ती पोर म्हणजे दीपाली. तिला लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.

आता कपाटाबद्दल सांगायला हवं. इथपर्यंत मी बाईंबद्दल बोलत होतो, तोवर सोपं होतं.

आमच्या शाळेत विज्ञानाचं एक लोखंडी कपाट आहे. आत परीक्षानळ्या, चंचुपात्रं, भिंगं, लोलक, एक मानवी सांगाडा उंचीने वीतभर, आणि सगळ्यांचा राजा, एक मायक्रोस्कोप. हे सगळं जसं आलं तसं होतं. काही वस्तूंच्या अंगावरचा मूळचा भुसासुद्धा आम्ही झाडला नव्हता. त्यामागे एक पक्का विचार होता, आणि तो केवळ आमच्या शाळेचा नव्हे. तपासणीला साहेब येतात ते वस्तू मोजतात. वापर मोजत नाहीत. वापरलं की फुटणार, फुटलं की खुलासा लिहावा लागणार. न वापरलेलं काही फुटल्याचं कुणी ऐकलंय? तेव्हा विज्ञान सुरक्षित ठेवायचं असेल तर मुलांपासून दूर ठेवावं, हे ओघानंच आलं.

कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. मराठीच्या मास्तरकडे विज्ञानाची किल्ली का, तर निकम सरांच्या मते मी ‘जबाबदार’ होतो. म्हणजे असं, की माझ्याकडून कधी काही झालेलं नव्हतं. ती किल्ली मी जानव्याला बांधत असे. वडील तिजोरीची बांधायचे. माझ्याकडे तिजोरी नव्हती. जानव्याला बांधलेल्या किल्लीचा एक फायदा असा की मागणारी बाई असेल तर ती पुढे हात करू शकत नाही.

दर थोड्या दिवसांनी बाई दारात येत. “सर, किल्ली.”

“कशाला, बाई?”

“परीक्षानळी हवीय.”

“उद्या बघू.”

उद्या त्या येतच नसत. त्यांनी काचेच्या पेल्यावर भागवलेलं असे. परीक्षानळीऐवजी इंजेक्शनची रिकामी बाटली, लिटमसऐवजी जास्वंदीच्या पाकळ्या. हिवाळ्यात एकदा त्यांनी मुलांना घरून साडीच्या चिंध्या आणायला लावल्या. सुरतेत चिंधी मागायला लागत नाही, ती पायाखालीच असते. सगळा वर्ग पॉलिएस्टरच्या चिंध्या एकमेकांच्या डोक्यावर घासत बसला. केस उभे राहिले, कागदाचे कपटे उड्या मारू लागले. नेमके निकम सर दारात.

“हे काय चाललंय?”

“वीज,” बाई म्हणाल्या.

“वीज? वायर कुठाय?”

“तेच तर शिकवतेय, सर. डोकं पुढे करा.”

निकम सरांना टक्कल होतं. वर्ग हसला नाही. वर्ग अभ्यासपूर्वक पाहत राहिला, की इथे प्रयोग होईल का. ते पाहणं निकम सरांना हसण्यापेक्षा जास्त लागलं असावं.

पण बाईंचं सगळ्यात लाडकं उपकरण म्हणजे तारेचा फास. बारीक तांब्याची तार, टोकाला गोल वळवलेली, त्यात पाण्याचा एक थेंब धरायचा. झालं भिंग. मुलं त्यातून धागा बघत, मुंगीचा पाय बघत, स्वतःच्या बोटावरच्या रेषा बघत. बाईंचं त्यावर एक वाक्य होतं, ते पार्टिशनमधून इतक्यांदा आलं की माझ्या वर्गातही पाठ झालं होतं. “थेंबातून जवळचं मोठं दिसतं, लांबचं उलटं.” मला ते सुविचारासारखं वाटून मी एकदा सूचनाफलकावर लिहिलं. बाई येऊन म्हणाल्या, “सर, हा सुविचार नाही. खरंच दिसतं. तुम्ही बघितलंय का?” मी म्हणालो, बघू केव्हातरी.

आता दसरा.

सुरतेत दसऱ्याला लूम पूजतात. मागाला झेंडूची माळ, मोटरला टिळा, रिक्षाच्या हँडलला आंब्याची पानं. निकम सरांच्या मनात आलं, आपलीही हत्यारं आहेत. तेव्हापासून दसऱ्याच्या सकाळी कपाट उघडायचं, टेबलावर जरीचा तुकडा अंथरायचा, त्यावर उपकरणं मांडायची आणि पूजा करायची. ज्यांना वर्षभर कुणी बोट लावलं नाही त्यांना त्या दिवशी हळदकुंकू, अक्षता, उदबत्ती. सांगाड्यालाही फूल. पूजा मी सांगायची, कारण माझं आडनाव जोशी. मला अथर्वशीर्ष अर्धंच येतं. पुढचं अर्धं मी तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज सगळंच सांगायचं आहे तर हेही घ्या.

पूजेआधी स्टाफसाठी फाफडा-जलेबी येई. मुहूर्ताला वेळ असायचा, जलेबीला नसायचा. तेव्हा आधी खाऊन मग पूजा. त्या तुपट बोटांनी मी एकेका उपकरणाला टिळा लावत जाई. मायक्रोस्कोपपाशी आलो की प्रश्न पडायचा, याचं कपाळ कुठलं? मी ठरवलं, जे सगळ्यात वर ते कपाळ. सगळ्यात वर डोळा लावायची काच होती.

पहिल्याच वर्षी बाई हाताची घडी घालून बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, “सर, काचेला नका लावू.”

मी म्हणालो, “बाई, टिळा कुठे लावायचा हे तरी मला ठरवू द्या.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “पण त्याला नमस्कारापेक्षा डोळा हवाय.”

सगळे हसले. मीही हसलो आणि अंमळ जास्तच दाबून टिळा लावला. पुढे दर दसऱ्याला तिथेच. जुन्यावर नवा.

आणि मग साहेबांची तपासणी आली.

निकम सरांनी ठरवलं की या वेळी साहेबांना नुसतं कपाट नाही, चालू विज्ञान दाखवायचं. सातवीचा वर्ग, मायक्रोस्कोप, कांद्याच्या सालीच्या पेशी. त्यात आणखी एक गोष्ट होती. शाळेत पटसंख्या घटत होती, एक शिक्षक जादा ठरणार होता, आणि तो कोण, हे साहेबांच्या शेऱ्यावर होतं. बाईंना ते ठाऊक होतं. बाई गेल्या तर सहावी ते आठवीचा विज्ञानाचा तास कुणाच्या गळ्यात पडेल, हेही ठाऊक होतं. त्यांनी दीपालीला साल काढायला शिकवलं, इतकी पातळ की खालचं अक्षर वाचता यावं. तपासणीच्या आदल्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या.

“सर, किल्ली द्या. एकदा लावून बघते.”

“उद्याच काढू ना, बाई. आज काढला आणि फुटला तर?”

“आणि उद्या दिसलंच नाही तर?”

“दिसेल हो.”

“कशावरून?”

मी छत्री घेतली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. गुजराती, गोरे, स्वभावाने वाईट नव्हते. मी कपाट उघडलं, मायक्रोस्कोप काढून खिडकीपाशी ठेवला. दीपालीने काचपट्टीवर साल ठेवली. बाई पुढे होत होत्या, पण निकम सर मधे आले. “आधी साहेब! आधी साहेब!”

साहेबांनी वाकून डोळा लावला. खूप वेळ पाहिलं. मग वर न बघताच म्हणाले, “अरे वाह! आ तो लोही छे!” लोही म्हणजे रक्त.

निकम सर एक क्षणही थांबले नाहीत. “हो साहेब. मुलांनी स्वतःचं काढून दिलंय.”

मी म्हणालो, “फार उत्साही मुलं आहेत.”

दीपाली हळूच म्हणाली, “कांदा आहे, साहेब.”

“ना ना, लोही ज छे,” साहेब म्हणाले.

आणि त्या पोरीने, वर्षभर जे शिकली ते, अगदी आदराने विचारलं, “कशावरून, साहेब?”

साहेबांना मराठी बेताची. ते निकम सरांकडे वळले. “शुं कहे छे?”

“धन्यवाद म्हणते,” निकम सर म्हणाले.

पण साहेबांनी वळताना चेहरा वर केला होता. त्यांच्या उजव्या डोळ्याभोवती एक लाल वर्तुळ उमटलं होतं, भुवईपासून गालापर्यंत. आधी मागच्या बाकावरून फुस्स आवाज आला. मग सगळा वर्ग. बाईंनी चष्मा काढला, नळीला डोळा लावला, लगेच उचलला, काचेवरून बोट फिरवलं आणि ते लाल बोट साहेबांपुढे धरलं.

“साहेब, हे रक्त नाही. कंकु छे. दशेरानुं.” आणि दुसऱ्या हाताने रुमाल पुढे केला. “तुमच्या डोळ्याला लागलंय.”

त्या एवढं बोलल्याच नसत्या तर? निकम सरांनी साहेबांना चहाला नेलं असतं, तिथे कुणीतरी हळूच रुमाल दिला असता, आणि ‘रक्तपेशींचा उत्तम प्रयोग’ असा शेरा मिळाला असता. बाई राहिल्या असत्या. मी बराच काळ असाच विचार केला. स्वतःच्या बोटाचं कुंकू दुसऱ्याच्या जिभेवर ढकलायचं, यात माझा हात कुणी धरू शकणार नाही.

ऑफिसात साहेब डोळा धुऊन बसले होते. त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या, एक टॉवेल आणि एक नाव. “साधनं कुणाच्या ताब्यात असतात?” त्यांनी विचारलं.

निकम सर पंख्याकडे पाहू लागले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “विज्ञानाची साधनं... विज्ञानाच्या बाईंकडेच असणार ना, साहेब.”

किल्ली शर्टाच्या आत पोटाला लागत होती. गार.

बाई चिडल्या नाहीत. वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारावं तशा म्हणाल्या, “कशावरून, जोशी सर?”

मी म्हणालो, “तशी पद्धतच आहे.”

साहेबांनी लिहून घेतलं. बाईंनी किल्लीचं नाव काढलं नाही. का काढलं नाही, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि विचारायची तर सोयच उरली नव्हती.

उपकरणाची निगा न राखल्याचा ठपका आला, जादा शिक्षक बाई ठरल्या आणि सुरतेबाहेर सचिन गावाच्या पुढच्या एका शाळेत पहिलीच्या वर्गावर गेल्या. सातवीच्या मुलांना निकम सरांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं, की बाईंच्या निष्काळजीपणामुळे शाळेचा मायक्रोस्कोप खराब झाला. मी रांगेत उभा होतो. हात जोडलेले होते. प्रार्थना चालू होती ना.

आणि विज्ञानाचा तास? तो मला मिळाला.

माझ्या विज्ञानाच्या तासाला मुलांना काय मिळायचं, तेही सांगतो. धडा मोठ्याने वाचायचा. महत्त्वाच्या ओळी मी सांगेन त्या अधोरेखित करायच्या. प्रश्नांची उत्तरं फळ्यावरून उतरवायची. हात स्वच्छ राहत. कुणाचं बोट पोळलं नाही. कुणाचं उत्तर चुकलं नाही, कारण सगळ्यांचं एकच होतं.

“पेला उपडा ठेवल्यावर मेणबत्ती विझते. अधोरेखित करा.”

“कशावरून, सर?” दीपाली.

“पुस्तकात आहे त्यावरून.”

“करून बघूया ना, सर. मी मेणबत्ती आणलीय. पेलापण आणलाय.”

“वर्गात आग नको.”

तिने मेणबत्ती दप्तरात ठेवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा काहीतरी विचारलं. मी पुन्हा पान सांगितलं. मग एकदा तिचा हात अर्धा वर आला आणि खाली गेला. त्यानंतर आलाच नाही. त्याच सुमारास निकम सर वर्गावरून जाताना थांबले आणि म्हणाले, “जोशी सर, कमाल केलीत. वर्ग कसा शांत झाला!”

मी त्यांचे आभार मानले.

निकम सर पुढे निवृत्त झाले. आता आचार्यपद माझ्याकडे आहे. भिंतीवर मोठा पडदा आलाय, त्यावर ज्वालामुखी फुटतो, हृदय धडधडतं, कुणाचा हात काळा होत नाही. कपाट तसंच आहे. किल्ली मी जानव्यावरून काढून खिळ्याला लावली, आणि तेवढ्यावर बरेच दिवस स्वतःला सुधारलेला समजत होतो.

मागल्या हिवाळ्यात कळलं की अहिरे बाई त्या वर्षाअखेर निवृत्त होऊन गावी जाणार. मी सचिनला गेलो. मधली सुट्टी होती. पहिलीची पोरं मैदानात बसून भात खात होती आणि बाई पायरीवर. केस पांढरे, साडी सुती. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही, किंवा त्यांनी दाखवलं नाही.

“या, आचार्य. बसा. खाली बसवेल ना?”

मी बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग मी एका दमात म्हणालो, “बाई, मायक्रोस्कोपला कुंकू मी लावलं होतं.”

बाई म्हणाल्या, “कशावरून?”

मला वाटलं थट्टा आहे. पण त्या वाट बघत होत्या.

“म्हणजे... दर दसऱ्याला मीच लावायचो. तुम्ही समोरच होतात.”

“मी समोर होते म्हणून मला माहीतच आहे. मग मला काय सांगायला आलात?”

“साहेबांपुढे मी खोटं बोललो. किल्ली माझ्याकडे होती.”

“तेही मला माहीत आहे.” त्यांनी एका पोराच्या नाकाला लागलेला भात पदराने पुसला. “सर, दर दसऱ्याला लावत होतात म्हणता. मग तितकी वर्षं ते तिथेच होतं. म्हणजे तितकी वर्षं त्यातून कुणी बघितलंच नाही. तुम्ही नाही, निकम सरांनी नाही. लावलं कुणी हे राहू द्या हो, कुंकू पुसता येतं.”

“मीही नाही बघितलं,” त्या म्हणाल्या. “किल्ली हिसकायला हवी होती. साहेबांपुढे तुमचा शर्ट वर करायला लावायला हवा होता. जानव्याला हात कसा लावायचा, चारचौघांत कसं म्हणायचं, म्हणून थांबले. तो माझा टिळा.”

“मला माफ करा, बाई.”

“माझं काय गेलं? पहिलीची पोरं सहावीपेक्षा जास्त विचारतात. गेलं ते दीपालीचं. तिला कुणी सांगितलं का, की तो कांदाच होता आणि ती बरोबर होती? बाई निष्काळजी निघाली एवढंच ऐकलं तिनं. ज्या बाईनं विचारायला शिकवलं तीच खोटी, मग विचारायचं कशाला?”

“ती कुठे असते?”

“तुमच्याच गोडादऱ्यात. दहावीनंतर घरी बसली. साड्यांना टिकल्या चिकटवते. शाळेच्या मागची गल्ली. तुम्हाला दिसली नाही?”

दिसली असेल. मी ओळखलं नसेल. किंवा उलटं.

घंटा झाली. बाई उठल्या. पिशवीतून तारेचा फास काढला, पायरीजवळच्या घागरीत बुडवला आणि माझ्या हातात दिला. थेंब थरथरत होता.

“केव्हातरी बघणार होतात ना? बघा. मला वर्ग आहे.”

मी आधी तो शर्टाच्या बाहीवर धरला. टेरिकॉटचे धागे दोरखंडासारखे दिसले. मग हात लांब केला. थेंबात मैदान होतं, खाली आभाळ, वर जमीन, आणि पोरांच्या घोळक्यात टाचा आपटत जाणाऱ्या अहिरे बाई, नखाएवढ्या, डोकं खाली पाय वर. दारापाशी त्या थांबल्या. वळल्या असाव्यात. थेंबातून ते नीट कळेना.

दीपालीकडे मी अजून गेलेलो नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत एकदा गेलो होतो. हे आधी लिहून काढलं, कारण तिच्या दारात उभं राहून मी सुरुवात केली की ती काय विचारील ते मला माहीत आहे. निदान मला तशी आशा आहे.

त्या दिवशी मी थेंबातून बघतच राहिलो, दार बंद होईपर्यंत. हात हलला असावा. थेंब पडला.